कव्हरवाल्या काकूंचा कॉम्प्युटर

२ मार्च, रविवार

ही वही मापांची आहे. पुढच्या पानांवर गिऱ्हाइकांची मापं: खुर्च्या, मिक्सर, वॉशिंग मशीन, एकदा तर पोपटाचा पिंजरासुद्धा. मागच्या पानांवर मी माझं लिहिते. चोवीस वर्षं कव्हरं शिवते आहे, बाजारात सगळे मला कव्हरवाल्या काकू म्हणतात, आणि घरात बोलता येत नाही ते लिहायला ही मागची पानं बरी पडतात.

आज भिंगरीचा फोन आला. लेकीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर. घरात ती भिंगरीच, कारण चार वर्षांची असताना तिने टेबलफॅन उघडून त्याची पाती अंगणात फिरवली होती. फोन ह्यांच्या मोबाइलवर आला, नेहमीसारखा. माझ्याशी ती बोलते, पण मोजून. कशी आहेस, गुडघा कसा आहे, ठेवते.

तीस तारखेला येते आहे. विम्याच्या कचेरीत नोकरी आहे तिची, साहेबांनी महिनाभर घरून काम करायला परवानगी दिली आहे. पण राहणार पाचच दिवस. दर शनिवारी त्यांच्या पाच जणींची कॉम्प्युटरवर मॅच असते आणि ही त्यांची कप्तान. कचेरीच्या लॅपटॉपवर तो खेळ चालत नाही, मैत्रिणीच्या मशीनवर खेळते. म्हणून रविवारी यायचं आणि शुक्रवारी पाचच्या गाडीने परत.

"घरी तसला कॉम्प्युटर असता तर महिनाभर राहिले असते, बाबा," असं म्हणाली. स्पीकर चालू होता. हे माझ्याकडे बघत नव्हते आणि मी ह्यांच्याकडे बघत नव्हते.

घरी होता तसला कॉम्प्युटर. सहा वर्षांपूर्वी. तिने स्वतः एकेक भाग जमवून जोडलेला.

४ मार्च

ठरवलं. सभागृहाच्या दोनशे खुर्च्यांचं काम झालंय, त्याचे पैसे माझे आहेत. कॉम्प्युटर घ्यायचा, आणि तयार नाही, जोडायचा. माझ्या हातांनी.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, तुला मोबाइलचा आवाज कमी करता येत नाही." खरं आहे. पण शिलाई मशीन मी डोळे मिटून उघडते आणि परत लावते. हे पाणीखात्यात मीटर वाचतात, त्यांना आकडा दिसला की पुरे, आत काय फिरतंय याच्याशी घेणं नाही.

तयार का नको, ते मी सांगितलं नाही. इथेही आज लिहीत नाही.

५ मार्च

कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदाराला बाजारात डॉक्टर म्हणतात, कारण मशीन चालू केलं की आधी कान लावून ऐकतो. त्याच्या प्रिंटरची कव्हरं मीच शिवलेली.

"कोणासाठी, काकू?"

"लेकीसाठी. महिन्याअखेर यायच्या आत हवा."

"कोणता खेळ खेळते?"

मी कागदावर लिहून नेलं होतं. त्याने वाचलं आणि भुवया वर केल्या. मग भागांचा पाढा वाचला. प्रोसेसर म्हणजे डोकं. मदरबोर्ड म्हणजे ज्यावर सगळं बसतं. ग्राफिक्स कार्ड चित्रं काढतं, खेळात सगळ्यात जास्त तेच राबतं. पॉवर सप्लाय वीज वाटतो. "आणि यातलं प्रत्येक जण काम करताना तापतं. बाकी सगळं सोपं आहे काकू, गरम हवा बाहेर काढणं हेच खरं काम."

मी म्हटलं, "तापून जळू शकतं का?"

"आजकालची मशीनं जळायच्या आधी स्वतःच बंद पडतात. स्वस्तातला पॉवर सप्लाय असला तर मात्र सांगता येत नाही. तो जळताना शेजाऱ्यालाही घेऊन जातो."

मी सगळ्यात चांगला पॉवर सप्लाय घेतला. डॉक्टर म्हणत होता इतक्या मोठ्याची गरज नाही. मी म्हटलं, असू दे.

८ मार्च

कॅबिनेट, म्हणजे पेटी, निवडायला तीन फेऱ्या. मला पुढून बंद, गुळगुळीत, काळी काच असलेली आवडली. दिसायला एखाद्या अलमारीसारखी. डॉक्टर जाळीची पेटी पुढे करत होता.

"जाळीतून धूळ जाईल," मी म्हटलं.

"जाईल. महिन्यातून एकदा पुसायची. धुळीने मशीन मरत नाही काकू, कोंडल्याने मरतं."

मी जाळीची घेतली. पैसे मोजताना दोनदा चुकले. त्याला वाटलं असेल किमतीमुळे.

घरी आणली आणि काही सुचेना तेव्हा सवयीने टेप काढून माप घेतलं. उंची, रुंदी, खोली, शिलाईला अर्धा इंच. निळं रेक्झीन कापलंसुद्धा. मागे चेन लावली. पाऊण तासात कव्हर तयार, अजून आत एक स्क्रूही नाही. तयार झाल्यावर त्याच्याकडे बघत बसले. घडी करून कपाटात मागे टाकलं.

११ मार्च

आता लिहून टाकते, नाहीतर हात चालणार नाहीत.

सहा वर्षांपूर्वी भिंगरीचा अठरावा वाढदिवस होता. दोन वर्षं तिने शिकवण्या घेऊन, जुने भाग मिळवून कॉम्प्युटर जोडला होता. मी तिला न सांगता त्याच्यासाठी कव्हर शिवलं. साधंसुधं नाही. आत फोम, वर जांभळं रेक्झीन, कडांना पांढरी पायपिंग, आणि पुढे भरतकामात भिंगरी, चार रंगांची. त्या दिवशी रंगारी भिंती खरवडत होते. घरभर पांढरी भुकटी. ती क्लासला गेली होती, कॉम्प्युटर इंटरनेटवरून काहीतरी उतरवून घेत चालू होता. स्क्रीन बंद होती, मला वाटलं बंदच आहे. धूळ जाऊ नये म्हणून मी कव्हर घातलं आणि चेन लावून टाकली. वाटलं, संध्याकाळी येईल आणि बघेल.

दुपारी वास आला.

मी कव्हर काढलं. मागचं रेक्झीन वितळून आकसलं होतं. घडी करून पत्र्याच्या ट्रंकेत, कापडांच्या तळाशी ठेवलं. खिडक्या उघडल्या. ती आली, बटण दाबलं, काही नाही. दोन तास एकेक भाग काढून बघत होती. हे घरी आल्यावर म्हणाले, "तुझ्याच्याने होत नाही तर हात घालतेस कशाला?" ती स्क्रू गोळा करत राहिली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हातात झारा. मी काही बोलले नाही.

उद्या सांगू म्हटलं. मग पंधरा दिवसांनी तिने इलेक्ट्रॉनिक्सचा अर्ज मागे घेतला आणि हिशेबाच्या कोर्सला नाव घातलं. त्यानंतर सांगण्यासारखं राहिलं नाही. एक कॉम्प्युटर जळाला हे सांगता आलं असतं. हे कसं सांगायचं?

१४ मार्च

कूलर निवडायचा होता. दोन जाती आहेत. एक पाण्याचा: नळ्यांतून पाणी फिरतं आणि उष्णता घेऊन जातं. दुसरा हवेचा: धातूच्या पातळ पट्ट्यांचा मोठा गठ्ठा आणि त्याला पंखा.

पाण्याचा म्हटल्याबरोबर हे म्हणाले, "गळणारच. तीस वर्षं गळतीच बघतोय." पाणीखात्याचं मत आल्यावर विषय संपला. हवेचा घेतला, पण सगळ्यात उंच. खोक्यावर लिहिलं होतं एकशे अठ्ठावन्न मिलिमीटर. पेटीत जागा एकशे साठ. डॉक्टर म्हणाला बसेल. मी टेप काढून तिथेच तीनदा मोजलं. दोन मिलिमीटर म्हणजे माझ्या धंद्यात काहीच नाही, एका सुरकुतीत जातात.

"एक लक्षात ठेवा," डॉक्टरने कूलरचा तळ दाखवायला खोकं उघडलं नाही, हाताच्या दोन तळव्यांनी दाखवलं. "प्रोसेसरची पाठ आणि कूलरचा तळ, धातूला धातू भिडला पाहिजे. मध्ये फक्त पेस्ट, मटारच्या दाण्याएवढी. दुसरं काही नको, हवासुद्धा नको. मग उष्णता चढते."

वहीत लिहून घेतलं. मटारचा दाणा.

१९ मार्च

आज जोडायला घेतलं. कापायच्या टेबलावर पांढरी चादर अंथरली, टाचण्या लांब ठेवल्या, बांगड्या काढल्या. हात तीनदा धुतले आणि तीनदा पुसले.

प्रोसेसर बसवताना श्वास धरला होता. कोपऱ्यावरचा त्रिकोण जुळवला, दांडा दाबला, करकर आवाज झाला. डॉक्टरने आधीच सांगितलं होतं की आवाज होईल, घाबरू नका. तरी मी घाबरलेच. मेमरीच्या पट्ट्या टक करून बसल्या.

मग कूलर. सुंदर वस्तू आहे. तळ आरशासारखा चकचकीत, त्यावर अगदी पातळ निळसर फिल्म, कडेला बारीक लाल अक्षरं. चष्मा शिलाई मशीनवर राहिला होता, असेल कंपनीचं नाव. फिल्मला धक्का लावला नाही. नव्या वस्तूची फिल्म काढायची आमच्या घरी पद्धतच नाही. फ्रिजच्या दारावरची अकरा वर्षं झाली तरी आहे, रिमोट अजून त्याच्या पिशवीत आहे, म्हणून तर आमच्या वस्तू टिकतात. पेस्ट मटाराएवढी टाकली, कूलर सरळ खाली दाबला, चारही स्क्रू तिरके तिरके आवळले. पेटीचं झाकण लागलं. दोन मिलिमीटर पुरले.

हे दारात येऊन बघून गेले. म्हणाले, "मीटरपेक्षा जड दिसतंय."

२१ मार्च

तारा लावण्यात दीड दिवस गेला. संध्याकाळी बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले. मला रडू आलं. ह्यांनी टाळ्या वाजवल्या, एकदाच.

डॉक्टरने डिस्कवर सगळं आधीच घालून दिलं आहे, भिंगरीचा खेळही, आणि कोपऱ्यात तापमान दाखवणारा एक आकडा. नुसतं चालू ठेवलं तर एकसष्ट. जास्त आहे की कमी, कळत नाही.

२२ मार्च

डॉक्टरला फोन केला. नुसतं चालू असताना चाळीसच्या आसपास हवं, खेळताना सत्तर, पंच्याहत्तर. खेळ लावून बघा म्हणाला.

लावला. खेळायचं कसं ते मला येत नाही. माझा माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि लोक त्याला मारून गेले. पण आकडा चढत गेला. अठ्ठ्याऐंशी. चौऱ्याण्णव. नव्याण्णव. मग सगळं काळं झालं.

मी खुर्चीवरून उठून नाक पेटीला लावलं. वास नव्हता. दहा मिनिटं तशीच वास घेत उभी होते. हे म्हणाले, "काय करतेस?" मी म्हटलं, "काही नाही."

२३ मार्च

आठ दिवस राहिलेत. डॉक्टर भाचीच्या लग्नाला गेला, दुकानाला कुलूप, फोनही उचलत नाही, सोमवारी एकतीसला उघडणार. म्हणजे ती आल्यावर.

आज पेटीचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावला. नव्याण्णवचे सत्त्याण्णव झाले.

२४ मार्च

दुसऱ्या दुकानातून आणखी दोन पंखे आणले. पुढून हवा आत, मागून बाहेर. प्रत्येकासमोर शिलाईचा दोरा धरून पाहिलं, कुठल्या दिशेला उडतो ते. सगळे बरोबर फिरतायत. सत्त्याण्णव, आणि काळोख.

२५ मार्च

पेस्ट कमी पडली असेल म्हणून कूलर काढला. पेस्ट छान पसरली होती. फिल्मवरची पेस्ट मऊ कापडाने अगदी हळूच पुसली, तिला सुरकुतीसुद्धा पडू दिली नाही. नवीन पेस्ट घातली, या वेळी दोन मटार. काही फरक नाही.

खोली बदलली. कॉम्प्युटर उत्तरेच्या खोलीत नेला, तिथे ऊन येत नाही. शिलाई मशीन इकडे आणलं. दोन गिऱ्हाइकं चुकीच्या खोलीत शिरली. फरक नाही.

जेवण जात नाही. गाद्यांच्या खोळी अर्धवट पडल्यात. मला वाटतं हा माझ्यावर रागावलाय. यंत्र रागवत नाही हे मला ठाऊक आहे.

२७ मार्च

काल ह्यांनी विचारलं, "अगं, चाललं नाही तर नाही. पाच दिवस तर पाच दिवस. तू एवढी का जिवाला लावून घेतेस?"

सांगायला तोंड उघडलं होतं. मग म्हटलं, आधी तिला. तिच्याआधी ह्यांना सांगितलं तर तो पुन्हा तिच्यावर अन्याय. की ही नुसती पळवाट? मला माझं कळत नाही. मनात असं होतं की कॉम्प्युटर आधी चालू करून दाखवावा, मग सांगावं. हातात काहीतरी देऊन सांगितलं की ऐकणाऱ्याला सोपं जातं. आता हातात सत्त्याण्णव अंश आहेत.

३० मार्च, रविवार

आली. बारीक झाली आहे. केस कापलेत, चांगले दिसतात, मी तसं म्हटलं नाही, का कोण जाणे.

खोलीत नेलं. तिने पेटीकडे बघितलं आणि दारातच थांबली.

"कुणी जोडला?"

"मी."

"तू?" हसली. मग हसणं गेलं. "कशाला, आई?"

"तू महिनाभर राहावीस म्हणून."

तिने पिशवीतून हेडफोन काढून कानाला लावले, बसली, खेळ लावला. बोटं नुसती धावत होती. मी आकड्याकडे बघत होते. अकराव्या मिनिटाला बंद पडला.

मी म्हटलं, "तू बघ ना उघडून. तुला कळेल."

"मी नाही हात लावणार." खुर्ची मागे सरकवली. "मशीनच्या बाबतीत माझ्या हाताला यश नाही. कचेरीतला प्रिंटर अडकला तरी मी दुसऱ्याला हाक मारते." मग माझा चेहरा बघून माझ्या पाठीवर हात फिरवला. "जाऊ दे गं. तुझंही माझ्यासारखंच झालं. आपल्या घराण्यातच नाहीये ते."

माझी समजूत काढत होती. माझी. मी चहा ठेवते म्हणून बाहेर आले आणि गॅस न पेटवता ओट्याशी उभी राहिले.

३१ मार्च

डॉक्टरचं दुकान आज उघडलं. मी गेले नाही. तो कॉम्प्युटर दुरुस्त करेल, माझं काम तसंच राहील.

दिवसभर ती लॅपटॉपवर विम्याचे दावे तपासत होती. एका माणसाचा फ्रिज जळाला होता. ती फोनवर विचारत होती, "वस्तूवर काही झाकलेलं होतं का? हवा खेळती होती का?" मी शिवत होते. सुई मोडली.

१ एप्रिल

सांगितलं.

दुपारी हे कामावर होते. ट्रंक उघडली, कापडं उपसली आणि तळातून ते जांभळं कव्हर काढून तिच्या लॅपटॉपशेजारी ठेवलं. तिने आधी पुढची भिंगरी बघितली. चेहरा फुलला. "हे कधी केलंस?" मग उलटलं. मागचं रेक्झीन काळं, आकसलेलं.

मी सगळं सांगितलं. रंगारी, भुकटी, चेन, वास. झारा हातात घेऊन दारात उभी होते तेही. उभ्यानेच सांगितलं, बसले असते तर रडले असते आणि मग तिला मला गप्प करावं लागलं असतं.

ती कव्हरावरून बोट फिरवत होती. मग म्हणाली, "मी त्या रात्रीपासून मनात तारा मोजते, आई. कुठली तार मी उलटी लावली असेल. अजून मोजते."

"तू काहीच उलटं लावलं नव्हतंस."

"हे तू मला आत्ता सांगतेस."

"हो."

ती उठून बाहेर गेली. चप्पल घातली, दार ओढून घेतलं. संध्याकाळी परत आली, बाबांबरोबर जेवली. माझ्या ताटात वाढलं, पण माझ्याकडे बघितलं नाही.

ह्यांना जेवणानंतर मीच सांगितलं. हे हातातलं पाण्याचं भांडं खाली ठेवून तिच्या दाराशी गेले. "तेव्हा बोललो होतो ते मी मागे घेतो."

आतून ती म्हणाली, "राहू दे, बाबा."

"राहू दे कसं? घेतो म्हणजे घेतो."

२ एप्रिल

बोलत नाही. कव्हर तिच्या खोलीत आहे.

मी पडदे शिवले. माप चुकलं.

३ एप्रिल

सकाळी उत्तरेच्या खोलीतून खटखट आवाज आला. दारातून बघितलं. पेटी आडवी केली होती, स्क्रू एका वाटीत, बाह्या वर सरकवलेल्या. मी आत गेले नाही. हात चालत होते तिचे. सहा वर्षं मी ते बघितलं नव्हतं.

थोड्या वेळाने हाक आली. "आई, चष्मा लावून ये."

गेले. तिने कूलर उलटा धरला होता. "तळावर काय लिहिलंय, वाच."

लाल अक्षरं. मी मोठ्याने वाचलं. बसवण्याआधी ही फिल्म काढावी.

"म्हणजे?"

"म्हणजे तू प्रोसेसरला प्लास्टिकचं कव्हर घातलंस." तिचे ओठ थरथरायला लागले. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. मग पोट धरून हसायला लागली, जमिनीवर बसली आणि मग खरंच रडली. मीही बसले, गुडघा दुखत होता तरी. तिने डोकं माझ्या खांद्यावर ठेवलं नाही. पण लांबही सरकली नाही.

"राग गेलेला नाही माझा," असं म्हणाली.

"नको जाऊ दे."

"तू काढ ती. तुझ्या हाताने."

मी नखाने कोपरा धरला. चर्र आवाज करत एका झटक्यात निघाली. खाली तांबं होतं, लालसर. इतक्या वेळा हातात धरला होता कूलर आणि मला त्याचा रंगही माहीत नव्हता. तिने जुनी पेस्ट पुसायला दिली, नवी घालायला दिली, एक मटार. स्क्रू मी आवळले, ती कुठला आधी ते सांगत होती.

एकोणचाळीस. खेळ लावला, तासभर ती खेळली, मी स्टुलावर बसून आकडा बघत होते. अडुसष्टच्या वर गेला नाही.

संध्याकाळी हे आल्यावर सगळं ऐकलं. जरा विचार करून म्हणाले, "मग फ्रिजचीही काढायची का?"

४ एप्रिल, शुक्रवार

पाचच्या गाडीने गेली.

मला वाटलं होतं राहील. आकडा अडुसष्ट होता, मशीन एकदाही बंद पडलं नाही. पण दुपारी तिने पिशवी भरायला घेतली आणि मी काही विचारलं नाही. विचारायचा हक्क मी कुठल्या तोंडाने सांगणार? जांभळं कव्हर घडी घालून तिने कपड्यांच्या वर ठेवलं.

"ते जळकं कशाला नेतेस? नवीन शिवून देते."

"हेच हवंय. टेबलाशी लावणार. मोजायला लागले की बघेन."

स्टेशनवर हे गेले. मी दारातूनच हात हलवला. तिने वळून बघितलं, एकदा.

उत्तरेची खोली आवरली नाही. आवरायला हात होईना.

५ एप्रिल, शनिवार

सकाळी धूळ पुसायला गेले तर स्क्रीनच्या कोपऱ्यावर तिचे हेडफोन लटकत होते. आज चार वाजता मॅच. कप्तान, आणि हेडफोनच नाहीत. माझ्यामुळे डोकं ठिकाणावर नव्हतं, म्हणून विसरली. कुरिअरने पाठवले तरी आज पोचणार नाहीत, पण पुढच्या शनिवारी तरी हवेत. वाटेत तुटू नयेत म्हणून फोमचा तुकडा काढला, माप घेतलं, चेनही शोधली. कापायला लागले आणि मग वाटलं, आधी कळवावं.

तिच्या नंबरावर मी स्वतःहून कधी फोन लावला होता ते आठवेना. तिने लगेच उचलला.

"अगं, तुझे हेडफोन इथे राहिले. पाठवते आजच. मॅचचं कसं करशील?"

"मैत्रिणीचे आहेत. आणि राहिले नाहीत ते, ठेवलेत."

मला कळलं नाही. मी म्हटलं, "खराब होतील इथे. मी त्यांच्यासाठी पिशवी—"

"आई. पाच दिवसांचेच कपडे आणले होते. महिनाभराचे घेऊन येते पुढच्या रविवारी." मागे कुणीतरी तिला हाक मारत होतं, तिने थांब म्हटलं. "तोवर असू देत तिथेच. फक्त झाकू नकोस."

बरं म्हटलं. फोन ठेवला आणि कात्री डब्यात ठेवून दिली.